निशाणी उजवा अंगठा

पोलीस स्टेशन मांगझरी, जि. यवतमाळ
दि. १९/०२/२०२६, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

माझे नाव प्रभावती मनोहर मुनेश्वर, वय ५४ वर्षे, शिक्षण सातवी पास, व्यवसाय शेती, राहणार मौजा बोरखडकी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ. व्यवसायाच्या रकान्यात हवालदार साहेबांनी आधी घरकाम असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून शेती असे केले आहे.

मी आज ठाण्यात स्वतःच्या पायाने आले. कोणी आणले नाही आणि कोणी पढवले नाही. पुंडलिकराव गावंडे यांच्याविरुद्ध ग्रामपंचायतीने दिलेल्या तक्रारीची चौकशी हवालदार देवीलाल आडे यांच्याकडे आहे. त्यांनी समोर बसवून विचारले ते, आणि विचारायचे राहिले तेही, सांगते ते असे की,

गट क्रमांक ८७ मध्ये आमची साडेचार एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर माझे व माझे दीर धर्मपाल मुनेश्वर, वय ५१, यांचे नाव सामाईक आहे. माझे पती मनोहर हे २०१४ साली वारले. त्यानंतर घरातल्या घरात वाटणी झाली. नाल्याकडची अर्धी जमीन माझ्याकडे आली व रस्त्याकडची अर्धी धर्मपालकडे गेली. कागदावर वाटणी झाली नाही. नाल्याकडचीच जमीन माझ्या वाट्याला कशी आली असे विचारले असता सांगते की, वाटणीच्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये दि. १४ ते १६ असे तीन दिवस नाल्याला पूर होता. माझी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बोंडांसह आडवी झाली व तूर मुळासकट गेली. धर्मपालच्या पऱ्हाटीत पाणी साचले पण ती उभी राहिली. पंचनामा झाला. पंचनाम्याच्या वेळी मी हजर होते व त्यावर माझी सही आहे. ही सही पुढे उपयोगी पडली म्हणून सांगून ठेवते.

अतिवृष्टीचे सरकारी अनुदान जाहीर झाले. त्याचा नियम असा की, सातबाऱ्यावर दोघांची नावे असली तर ज्याचा हिस्सा त्याच्या खात्यात जातो. पण एकाने संमतीपत्र लिहून दिले तर सगळे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. मी संमतीपत्र देणार नव्हते. मला त्या पैशातून हरभरा पेरायचा होता, आणि वाहून गेले ते माझे पीक होते.

पुंडलिकराव गावंडे, वय अंदाजे ४५, हे चार वर्षांपूर्वी आमच्या गावात आले व भाड्याच्या खोलीत ऑनलाइन सेवा केंद्र टाकले. पीकविमा, अनुदान, दाखले, सगळ्या गावाचे कागद तेच करतात. गावात प्रिंटर त्यांच्याकडेच आहे. गाव त्यांना राव म्हणते म्हणून मीही म्हणते.

दिवाळीनंतर गावात पैसे आल्याचे मेसेज वाजू लागले. माझा फोन वाजला नाही. दि. ०४/११/२०२५ रोजी सकाळी दहाच्या सुमारास मी सेवा केंद्रात गेले. तिथे आणखी चार-पाच माणसे बसली होती. मी माझ्या अनुदानाचे विचारले. त्यावर पुंडलिकराव म्हणाले, "प्रभाबाई, तुमचे पैसे तं तुमच्या दिराच्या खात्यात गेले ना. तुमीच तं संमतीपत्रावर अंगठा देल्ला."

मी म्हणाले, "मी कवा देल्ला?"

ते म्हणाले, "इसरल्या असान. दोन साक्षीदार हायेत. हे पाहा." असे म्हणून त्यांनी फाइलमधून एक झेरॉक्स काढून लांबूनच दाखवली. त्यावर माझे नाव होते. नावाखाली 'निशाणी उजवा अंगठा' असे लिहून बाजूला अंगठा उठवलेला होता. अंगठा चांगला ठसठशीत होता.

मी म्हणाले, "उजवाच हाय ना हा?"

ते म्हणाले, "बाईमाणसाचा उजवाच रायते. माणसाचा डावा, बाईचा उजवा. सरकारी रीत हाय ते, तुमाले काय समजते त्यातलं?" बसलेली माणसे हसली. माझा उजवा हात पदराखाली होता. तो मी तसाच ठेवला.

उजव्या हाताबद्दल सांगते. फेब्रुवारी २००२ मध्ये कडबा कापण्याच्या कुट्टी मशीनमध्ये माझा उजवा अंगठा मुळापासून गेला. तेव्हा मी तीस वर्षांची होते. मशीन हाताच्या चाकाची होती. एकाने चाक फिरवायचे व एकाने कडबा लावायचा. मी कडबा लावत होते. यवतमाळला सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होते, त्याचा कागद सोबत जोडला आहे. चाक कोण फिरवत होते हे हवालदार साहेबांनी विचारले. ते पुढे येईल.

तेव्हापासून हात पदराखाली ठेवण्याची मला सवय लागली. जुन्या लोकांना माहीत आहे, नव्या सुनांना माहीत नाही. पुंडलिकरावांनी माझी ई-केवायसी केली तेव्हा मी डावा अंगठा दिला होता. डावा काहून, असे त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणाले होते की उजव्याले भेगा पडल्या. कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगठ्याला भेगा असतातच, म्हणून त्यांनी पुढे विचारले नाही. खोटे बोलले ते मी एवढेच. ते खोटे पुढे माझ्याच कामी आले.

माझा राग पैशाचा होता काय असे विचारले असता सांगते की, पैशाचा होताच. त्याहून मोठी भीती जमिनीची होती. अशा कागदावर आज अनुदान गेले, उद्या त्याच अंगठ्यावर नाल्याकडची जमीनही गेली असती. पण सगळ्यात जास्त राग त्या अंगठ्याचा होता. माझी आई जन्मभर मजुरीच्या हजेरीवर अंगठा देत आली. शाळेत नाव घातले त्या दिवशी ती मला म्हणाली होती, "म्या देल्ला तेवढा अंगठा लय झाला. तू सही करशीन." आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली सगळ्यात आधी पाटी टांगली होती, दिवा नंतर आला. मी सातवीपर्यंत सही केली, लग्नानंतर केली. उजवा अंगठा गेला तेव्हा माझी मुलगी उर्वशी पहिलीत होती, तिच्या पाटीवर मी डाव्या हाताने पुन्हा गिरवायला बसले. 'भ' मला आधी जमला आणि 'श' तिला. अशा बाईच्या नावापुढे कोणीतरी अंगठा डकवला. त्या रात्री मी जेवले नाही, हे लिहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी मी धर्मपालला विचारले. तो म्हणाला, "वहिनी, पुंडलिकराव म्हणे तुमची संमती हाय. मले वाटलं असंल." मी त्याला विचारले की संमतीचा कागद तू पाहिला काय. तो म्हणाला नाही. मी म्हणाले, "पाहू नको मंग आताच." त्याला काही समजले नाही आणि मीही समजावले नाही.

दि. १०/११/२०२५ रोजी मी घाटंजीला जाऊन तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज केला व दि. २१/११/२०२५ रोजी मला संमतीपत्राची नक्कल मिळाली. कोणी अडवले नाही. ती घेऊन मी बाजाराजवळ अतिया शेख हिच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. अतिया ही मोटारपंप दुरुस्त करणारे जमीर मिस्त्री यांची मुलगी आहे. जमीर मिस्त्रींनी आमच्या विहिरीची मोटार दोनदा बांधली आहे, त्यामुळे तिची माझी ओळख आहे. मी तिला म्हणाले, मला हा अंगठा नीट पाहू दे. तिने तो मशीनवर मोठा केला, त्याचा पुन्हा मोठा केला, आणि अंगठा कागदभर झाला. त्यावर मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती, जुन्या कापाच्या खुणेची.

अतिया म्हणाली, "मावशी, हा तुमचा नाही?"

मी पदराखालून हात काढून तिच्या काउंटरवर ठेवला. ती आधी घाबरली, मग एवढी हसली की बाजूचा चहावाला पाहायला आला. तिने मला झेरॉक्सचे पैसे मागितले नाहीत. मी दिले.

त्यानंतर कापूस वेचायला जाताना मी बायांना विचारू लागले की, अनुदान कोणाचे आले नाही. ज्या बायांची नावे सासऱ्याच्या, भावाच्या, दिराच्या सातबाऱ्यावर सोबत लागलेली आहेत, त्यांचेच आले नव्हते. माझ्यासह अकरा निघाल्या. यात लालीबाई राठोड, वय ७२, याही होत्या. तांड्यात सगळे त्यांना याडी म्हणतात, याडी म्हणजे आई. आपण संमती दिली असे अकरापैकी एकीलाही माहीत नव्हते. दि. ०८/१२/२०२५ रोजी आम्ही अकरा जणी एकाच काळीपिवळीत बसून तहसीलला गेलो. माझी नक्कल आधीच होती, म्हणून बाकी दहा नकलांचे अर्ज एका वेळी खिडकीत दिले. चालकाने जागा नाही म्हटले होते. त्याला जागा करून दाखवली.

नकला आल्यावर अतियाने त्या दहाही मोठ्या करून माझ्या कागदाशेजारी ठेवल्या. अकराही कागदांवर उजवा अंगठा होता. अकराही अंगठ्यांवर तीच आडवी रेघ होती. आम्हा अकरा जणींपैकी सहा जणींना सही येते. कागद करणाऱ्याने ते कोणाला विचारलेच नाही. बाई म्हटले की अंगठा, आणि बाईचा अंगठा म्हटले की उजवा, असा त्याचा हिशेब. रीत पाठ होती, माणसे पाहिली नव्हती.

आम्ही ठरवले की आधी गावात बोलायचे. दि. २६/०१/२०२६ रोजी झेंडावंदनानंतर शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा होती. आमच्याकडे सभेत बाया मागे भिंतीशी बसतात. त्या दिवशी आम्ही अकराही जणी पुढच्या सतरंजीवर बसलो. ऐनवेळच्या विषयात मी उठले. अतिया आली होती. तिने तो कागदभर मोठा केलेला अंगठा फळ्यावर चिकटवला. लोक आधी हसले. पोरांना वाटले चित्र आहे. मी सांगितले की हा अंगठा अकरा बायांचा आहे, एकच. मग हसणे थांबले.

पुंडलिकराव सभेत खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "अंगठे सारे सारखेच दिसते. यायच्या म्हणण्याले काही अर्थ नाई."

मी म्हणाले, "मंग लावूनच पाहू." ग्रामपंचायतीचा शाईचा पॅड व कोरा कागद सरपंचांनी मागवला. सगळ्यात आधी लालीबाई गेल्या. त्यांचा अंगठा उठला तर नुसता काळा डाग उठला. त्या म्हणाल्या, "माह्या अंगठ्यावर रेघच नाई उरली रे बाबा. साठ वर्सं घासला. तो फळ्यावरचा अंगठा तं नवरदेवाचा दिसते." सभेत टाळ्या पडल्या. त्यामागून एकेक करून नऊ जणींनी अंगठा दिला. कोणाच्याही अंगठ्यावर ती रेघ नव्हती.

मी शेवटी राहिले होते. पुंडलिकराव म्हणाले, "प्रभाबाई, तुमचा काहून नाई लावत? तुमचा लावा ना."

मी हात पदराखालून काढला आणि टेबलावर ठेवला. चोवीस वर्षांत हा हात मी चारचौघांत असा ठेवला नव्हता. म्हणाले, "लावा तुमीच. जिथं असंल तिथं लावा."

पुंडलिकरावांचा चेहरा उतरला, पण माणूस बोलण्यात पक्का आहे. ते म्हणाले, "हे संमतीपत्रानंतरचं असंल. कालपरवा तुटला असंल अंगठा."

तेव्हा धर्मपाल उठला. तो मागे, दाराजवळ बसला होता. तो ज्या पैशांवर दिवाळीपासून गप्प होता ते पैसे माझे आहेत हे त्याला माहीत होते. तो म्हणाला, "माह्या वहिनीले उजवा अंगठा नाई. दोन हजार दोनपासून नाई." कोणीतरी विचारले, तुले कसं माहीत. तो म्हणाला, "मशीनचं चाक मी फिरवत होतो."

चोवीस वर्षांत धर्मपालने हे वाक्य माझ्यासमोर किंवा कोणासमोर म्हटल्याचे मला आठवत नाही. याबाबत मला आणखी काही लिहून द्यायचे नाही.

धर्मपाल पुढे म्हणाला की, पुंडलिकरावांनी त्याला सांगितले होते, "वहिनीचं मी पाहून घेतो, तिसरा हिस्सा मले दे," आणि त्याने तो दिला. मग बाकी दहा घरांतले पुरुषही एकेक करून बोलू लागले. कोणी मान खाली घालून बोलले, कोणी घरच्या बाईकडे न पाहता. सगळ्यांचा तिसराच हिस्सा निघाला.

मी म्हणाले, "पुंडलिकराव, बाया झाल्या. आता तुमचा लावा. तुमाले डावा रायते म्हणता, पण आज उजवाच लावा."

पुंडलिकरावांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला. सरपंचांनी सांगितले, लोकांनी सांगितले, पण तो हात बाहेर आला नाही. सभा संपून राष्ट्रगीत झाले तेव्हा सगळे सावधान उभे होते आणि ते एकटे एक हात खिशात घालून उभे होते. मी माझा हात चोवीस वर्षे लपवला. त्यांना त्यांचा लपवायला चोवीस सेकंदही लागले नाहीत. लालीबाई मला म्हणाल्या, "आता पदर नीट घे पोरी, हात बाहेर राहू दे." मी राहू दिला.

सभेने एकमताने ठराव केला व दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीने या ठाण्यात तक्रार दिली. पुंडलिकरावांच्या बोटांचे ठसे पोलिसांनी घेतल्याचे मला समजले आहे. त्याचे काय निघाले हे तपासाचे काम आहे, असे हवालदार साहेबांनी सांगितले. मला विचाराल तर मला कागद येण्याची गरज नाही, तो खिसा पुरेसा आहे. हे वाक्य लिहिता येत नाही असे हवालदार साहेब म्हणाले. मी ते लिहायला लावले.

दि. १२/०२/२०२६ रोजी अकराही संमतीपत्रे रद्द झाल्याचा आदेश तहसीलमधून आला. पंचनाम्यावर जिची सही आहे ती संमतीपत्रावर अंगठा कशाला देईल, असे माझ्याबाबत त्यात लिहिले होते. दि. १६/०२/२०२६ रोजी दुपारी बांधावर बसून जेवत असताना माझा फोन वाजला. मेसेज मी स्वतः वाचला, दोनदा. रक्कम बरोबर होती. हरभऱ्याची वेळ गेली, पण खरिपाचे बियाणे यंदा मी नगदी घेईन. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावात अकरा फोन वाजले. लालीबाईंना मेसेज वाचता येत नाही म्हणून त्यांनी तांड्यातल्या सात जणांकडून तो वाचून घेतला, प्रत्येकाकडून जणू पहिल्यांदाच ऐकत आहेत अशा थाटात.

धर्मपालविरुद्ध काही तक्रार आहे काय असे विचारले असता सांगते की, त्याचे मी घरी पाहून घेते, असे लिहावे. त्याने कागदावर वाटणी करून देण्याची संमती दिली आहे. या संमतीपत्रावर त्याची सही आहे, मी ती माझ्यासमोर करून घेतली. यावेळी वाटणीच्या दिवशी मी स्वयंपाकघरात नव्हते. चहा धर्मपालने केला. वाटणी आडवी न करता उभी केली, नाल्यापासून रस्त्यापर्यंत, म्हणजे आता दोघांनाही नाला आहे आणि दोघांनाही रस्ता.

मला आणखी काही सांगायचे आहे काय असे विचारले. एवढेच की, पुढे कोणी अशी फाइल दाखवली तर तीत जिचे नाव असेल त्या बाईला आधी विचारावे.

हा जबाब मी सांगितला तसा हवालदार साहेबांनी संगणकावर उतरवला, मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि मी तो पुन्हा स्वतः वाचला. दोन ठिकाणी दुरुस्ती केली. वाचून झाल्यावर हवालदार साहेबांनी सवयीने शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला व म्हणाले, "बाई, उजवा." मग स्वतःच माझ्या हाताकडे पाहून पॅड परत ओढून झाकण लावले. हेही जबाबात लिहावे असे मी म्हटले. ते हसले, आणि लिहिले. आता सगळे बरोबर आहे.

(सही, डाव्या हाताने)
प्रभावती मनोहर मुनेश्वर

समक्ष
देवीलाल आडे, पोलीस हवालदार
पोलीस स्टेशन मांगझरी